अध्यक्षांनी न उघडलेला अंक

१९९१, डिसेंबरातला एक रविवार, सकाळची वेळ. स्थळ: धुळे, आमच्या संशोधन मंडळाचं कार्यालय, जिना चढून डावीकडची खोली. उपस्थित: मंडळाचे अध्यक्ष, जळगावचे निवृत्त वकील, ज्यांना सगळे आबा म्हणत; आमच्या त्रैमासिकाचे संपादक नाना, पहिल्या अंकापासून त्याच खुर्चीत; खजिनदार, कापडाचे व्यापारी, म्हणून शेठ; माझ्याच कॉलेजातली भूगोलाची प्राध्यापिका, खास निमंत्रित; आणि मी, सहकार्यवाह, पेशाने ग्रंथपाल. अनुपस्थित: बाकी सगळे. कार्यवाहाचं पद बराच काळ रिकामं होतं, त्याचं काम मीच करत होते, पण माझ्या पदातला 'सह' काढण्याचा ठराव कुणी मांडला नव्हता.

कार्यक्रमपत्रिकेवर मी एकच विषय लिहिला होता: 'मंडळाने छापलेला लेख मंडळाने छापला होता, हे सिद्ध करणे.'

आबांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. "हे जरा चमत्कारिक वाटतं, बाई. शब्द बदला."

"वस्तुस्थिती बदलली की शब्द बदलते, आबा," मी म्हटलं. त्या दिवशी मी गोड बोलायच्या मनःस्थितीत नव्हते, आणि आज सात वर्षांनी हे लिहितानाही नाही.

हकीगत अशी. प्राध्यापिका माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. लग्न होऊन जळगावला आली, पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्याच कॉलनीत राहायला लागली, आणि सुट्टी लागली की एसटीने धुळ्याकडे पळायची. पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाटाखालची शेतं गावकरी मिळून भिजवतात. शिवाराचे तीन-चार भाग करतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाण्याची पाळी पंचांनी ठरवायची. पाळीवर नजर ठेवणारा माणूस म्हणजे जागल्या. हे सगळं गावात माणसांच्या तोंडी होतं, कागदावर फारसं नव्हतं. तिने ते कागदावर आणलं. चार उन्हाळे गेले त्यात. ८६ साली लेख आमच्या त्रैमासिकात आला, आणि त्याच विषयावर तिने पीएच.डी.साठी नोंदणी केली.

मग चार वर्षांनी मुंबईच्या एका संशोधकाचा याच फडांवर इंग्रजीत लेख आला, मोठ्या नियतकालिकात. चांगला लेख होता, मी वाचला. त्यात एक वाक्य होतं की या पद्धतीवर आजवर कुणी तपशिलात लिहिलेलं आढळत नाही. विद्यापीठाच्या समितीने ते वाक्य वाचलं आणि प्राध्यापिकेला कळवलं की तुमच्या विषयात आता नवीन काही उरलेलं नाही, आधी तुम्ही लिहिलं असेल तर तसा पुरावा द्या, नाहीतर विषय बदला. चार उन्हाळे, आणि विषय बदला! तिचं वय चाळिशीकडे झुकलं होतं. कॉलेजातली तिची जागा पक्की व्हायची ती याच पदवीवर. बदललेला विषय घेऊन पुन्हा गावोगाव हिंडायला तिला ना वेळ होता ना घरातून परवानगी.

आम्ही आधी त्या संशोधकावर चिडलो. तिने त्याला खरमरीत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते इतकं सभ्य की आमचीच पंचाईत झाली. त्याने लिहिलं होतं की लेख पाहायला मिळाला असता तर आनंदाने उल्लेख केला असता. आपण धुळ्याला मंडळात दोनदा येऊन गेलो, पण वाचनालय सभासदांपुरतंच असल्याचं सांगण्यात आलं.

हे पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. नानांनी मान हलवली.

"आला होता. भला माणूस. पाणी दिलं मी त्याला."

"आणि अंक?"

"अंक कसा देणार? सभासद नव्हता. दोन सभासदांचं शिफारसपत्र आणा म्हटलं."

"नाना, तो मुंबईहून आला होता. त्याच्या ओळखीचे दोन सभासद धुळ्यात कुठून असणार?"

"म्हणून तर नियम आहे. ओळखीच्या माणसाला अंक द्यायला नियम कशाला लागतो?"

शेठ हसले. प्राध्यापिका हसली नाही. ती नानांच्या डोक्यावरच्या पाटीकडे बघत होती. पाटी चांगली सागवानी, पितळी अक्षरांची. वर 'वाचनालय फक्त सभासदांसाठी', आणि खाली शेठच्या वडिलांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ' असं. कपाटं आणि पाटी दोन्ही त्यांच्याच देणगीतली.

"बरं, झालं ते झालं," आबा म्हणाले. "अंक आहे ना आपल्याकडे? दाखवून टाका समितीला."

शेठनी जानव्याला अडकवलेली किल्ली काढून कपाट उघडलं. आत बांधीव खंड ओळीने उभे. निळं कापड, सोनेरी अक्षरं. मी ८६चा खंड काढला, लेख काढला, आणि पानं उलटून महिना-वर्ष शोधायला लागले. ते नव्हतंच. कुठल्याच पानावर नव्हतं.

ग्रंथपाल म्हणून इतकी वर्षं नियतकालिकं हाताळली, पण असं काही मी पाहिलं नव्हतं. आमचा अंक कायम उशिरा निघायचा. आतली पानं छापखान्याला सवड मिळेल तशी छापून व्हायची, आणि अंक नेमका कुठल्या महिन्याचा ठरणार ते शेवटपर्यंत कुणाला माहीत नसायचं. म्हणून नानांनी सुरुवातीपासून सोय केली होती की महिना, वर्ष, अंक क्रमांक फक्त मुखपृष्ठावर छापायचे, आणि मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी. खाडाखोड नको, खर्च नको. आणि सुटे अंक विकले जात नाहीत, बांधीव खंड कॉलेजं घेतात, म्हणून उरलेले सगळे अंक शेठ दरवर्षी बाइंडरकडे द्यायचे. बाइंडर मुखपृष्ठं काढून टाकायचा.

"का काढली?" मी विचारलं.

"खंड बसका येतो. देखणा दिसतो," शेठ म्हणाले. "तुम्हीच म्हटलं होतं ना मॅडम, की खंड चांगले बांधून घ्या?"

म्हटलं होतं. मुखपृष्ठं फाडा असं म्हटलं नव्हतं.

"कण्यावर 'खंड सातवा' आहे की," नाना म्हणाले.

"समिती म्हणते, कापडावर सोनेरी अक्षरं कुणीही कधीही उठवून घेऊ शकतं," प्राध्यापिका पहिल्यांदाच बोलली. आवाज शांत होता. "छापखान्याच्या बिलावर 'अंक छपाई' एवढंच आहे, आणि छापखाना बंद झालाय. मी बघून आले."

कायद्याने ज्या मोठ्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, त्यांच्याकडे पाठवली का, असं मी विचारलं. शेठनी छताकडे पाहिलं. टपालखर्च, म्हणाले. मंडळाच्या घटनेत उद्देश म्हणून पहिलंच वाक्य आहे की खान्देशचं ज्ञान जगापुढे आणणे. जगापर्यंतचा टपालखर्च आम्हाला परवडेना.

"फुकट वाटलं की लोक किंमत ठेवत नाहीत, मॅडम," शेठ समजुतीने म्हणाले. "मी दुकानात कापडाचा तुकडा फुकट देतो का?"

"तुम्ही दुकानाच्या दारावर 'गिऱ्हाइकांना मनाई' अशी पाटी लावता का, शेठ?"

त्यावर आबांनी चहा मागवला. विषय बदलायचा असला की ते चहा मागवत.

बैठकीत ठरलं ते असं: वर्गणीदारांपैकी कुणाकडे मुखपृष्ठासकट अंक असेल तर शोधावा. कुणी शोधायचा ते लिहिलं नव्हतं, म्हणजे मी. मी सगळ्या वर्गणीदारांना पोस्टकार्डं टाकली. जोडकार्डं, उत्तराचं कार्ड आधीच पत्ता घालून. कार्डांचे पैसे शेठकडे मागितले नाहीत, त्या वादात महिना गेला असता. उत्तरं आली. कुणी घर बदलताना अंक रद्दीत घातले होते. कुणी लिहिलं, अंक नियमित मिळतो, फार उपयुक्त असतो, तूर्त सापडत नाही. एका तालुक्याच्या वाचनालयाने अभिमानाने कळवलं की आमच्याकडे सर्व अंक सुरक्षित असून बांधून घेतले आहेत. मी ते कार्ड हातात धरून स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने बोलले. मुलगी घाबरून बघायला आली.

लेखिकेला मिळालेल्या दोन प्रती राहिल्या. एक तिने नोंदणीच्या अर्जाला जोडली होती, ती त्या फायलीत आता नव्हती. दुसरी तिने पांझरेकाठच्या गावी जागल्याला दिली होती, कारण निम्मा लेख त्यांच्या सांगण्यावर उभा होता. आम्ही दोघी गेलो. धुळ्याहून दुसरी एसटी, मग पाटाच्या कडेने चालत. जागल्या आता म्हातारे झाले होते, काम मुलाकडे दिलं होतं. तिला बघून उठून उभे राहिले.

"अंक शे ना, बाबा?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिची बोली त्यांच्यासारखी झाली होती.

"शे ना! बठ्ठा गावनी वाचा." त्यांनी देवळीतून तो काढला. खरोखर सगळ्या गावाने वाचला होता. पारावर वाचला गेला, शाळेत गेला, पंचांच्या दोन भांडणांत पाळीचा नियम बघायला काढला गेला. पानांच्या कडा पिठासारख्या मऊ झाल्या होत्या, एका पानावर हळदीचं बोट होतं. मुखपृष्ठ केव्हाच गेलं होतं.

"नाव शे त्यामा मन्हं," ते मला म्हणाले आणि बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं त्यांना. ओळ ठाऊक होती.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, लेख वाया नाही गेला. एवढं कळलं, बास. मी विषय बदलते."

"काही बदलू नकोस," मी म्हटलं. मला राग आला होता, आणि तो तिच्यावरच निघाला. "फुकट दिलेल्या एका प्रतीने गावाची भांडणं मिटली. कुलपातल्या ढीगभर प्रतींनी तुला एक तारीख देता आली नाही. आणि विषय तू बदलायचा? मंडळाने बदलावा."

सोडलेल्या वाटा मी पुन्हा तपासते, ही माझी सवय. घरी येऊन वर्गणीदारांच्या यादीवर बसले, तेव्हा लक्षात आलं की पदाधिकाऱ्यांना कार्डं गेलीच नव्हती. ते तर बैठकीला होते. आबा जळगावात राहत, त्यांना अंक धुळ्याहून टपालाने येई. नाना आणि शेठ धुळ्याचे, ते आपला अंक कपाटातच ठेवत, मीही तेव्हा तेच करत असे, म्हणजे ते बाइंडरकडेच गेले. राहिले आबा. बैठकीत त्यांनी 'माझ्याकडे असेल' असं का म्हटलं नाही?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. आबा झोपाळ्यावर होते. मी अंकाचं विचारताच त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"बघावं लागेल. माझं वाचन अस्ताव्यस्त असतं. कुठे ठेवला असेल देव जाणे."

"काय हवंय त्यांना?" आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. "मंडळाच्या गुंडाळ्या का? त्या मी दर दिवाळीला झटकून ठेवते. कुठे जायच्या आहेत?"

त्यांनी माजघरातून एक घंगाळं आणलं. त्यात आमच्या त्रैमासिकाचे अंक उभे होते, सगळे, वर्षानुवर्षांचे. बुकपोस्टाने जातो तसा गुंडाळलेला अंक, मध्ये कागदाची पट्टी डकवलेली, पट्टीवर आबांचा पत्ता, तिकीट, आणि तिकिटावर धुळ्याच्या टपालाचा शिक्का. एकही पट्टी फाटलेली नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक अंकात 'अध्यक्षीय' लिहायचे. त्यात मागच्या अंकातल्या लेखांचं कौतुक असायचं.

प्राध्यापिकेने एकेक गुंडाळी उचलून शिक्के वाचले. ८६च्या शिक्क्यापाशी थांबली. गुंडाळीच्या बाहेरच्या घडीवर मुखपृष्ठाची कड दिसत होती, निळ्या रंगाची. तिने ती उघडली नाही. दोन्ही हातांत धरून बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शिक्क्यात तारीख आहे, ताई. आणि आत मुखपृष्ठ."

"घेऊन जा," आबा घाईने म्हणाले. "काय लागेल ते करा."

"आबा, एवढ्याने होणार नाही," मी म्हटलं. वकिलांना मी कायदा सांगत होते. "अंक मिळाल्यापासून तुमच्याकडेच होता आणि पट्टी उघडलेली नाही, असं तुम्ही लिहून द्यावं लागेल. नाहीतर म्हणतील, पट्टी नंतर डकवली."

आबा लाल झाले. "म्हणजे मी माझ्या सहीने विद्यापीठाला कळवायचं की अध्यक्षाने अंक वाचला नाही?"

"उघडला नाही, एवढंच लिहा."

"फरक काय?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"हे शक्य नाही. मंडळाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे."

मी काही बोलणार, तेवढ्यात प्राध्यापिका म्हणाली, "आबा, त्या गावी माझा लेख फाटेपर्यंत वाचलाय. तिथली प्रत पुराव्याला चालत नाही, कारण ती वाचली गेली. तुमची चालेल. मला हसू येतंय की रडू, मला कळत नाहीये. पण मला ती लागणार आहे."

झोपाळ्याची कडी तेवढी वाजली.

मग अक्का म्हणाल्या, "त्यांना जड जात असेल तर मी लिहून देते. झटकते मी, मलाच ठाऊक उघडला की नाही. मुलांच्या शाळेचे अर्ज मीच लिहीत होते, हेही लिहीन."

"तुला नको लिहायला," आबा म्हणाले आणि पेन मागितलं. वकिली अक्षरात तीन ओळी लिहिल्या, सही केली, आणि कागद माझ्याकडे देताना म्हणाले, "इतिवृत्तात हे नको."

इतिवृत्तात घातलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

समितीपुढे पट्टी फाडली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. मुखपृष्ठ, महिना, वर्ष, सगळं निघालं, नव्यासारखं. तिचा विषय तसाच राहिला आणि पुढे तिला पदवी मिळाली. मुंबईच्या संशोधकाने त्याच इंग्रजी नियतकालिकाच्या पुढच्या अंकात बारीक टाइपात दुरुस्ती छापली, तिचं नाव घालून, आणि आमच्या मंडळाचंही. मोठ्या शहराच्या नियतकालिकात आमचं नाव आलं म्हणून नानांनी तो अंक मागवून घेतला आणि कपाटात ठेवला. कुलूप लावून.

त्यानंतरच्या बैठकीत मी आग्रहाने ठराव मांडले. प्रत्येक पानाच्या तळाशी महिना आणि वर्ष छापायचं: मंजूर. बांधताना मुखपृष्ठं ठेवायची: मंजूर, शेठ म्हणाले खंड जाडा दिसेल. विद्यापीठांच्या आणि तालुक्यांच्या ग्रंथालयांना अंक विनामूल्य पाठवायचा, आणि ज्या गावची माहिती लेखात आहे त्या गावालाही: बराच वेळ वाद, मग मंजूर, कारण आबांनी हात वर केला आणि ते कुणाशी नजर मिळवत नव्हते. आता रावेरहून एका केळीच्या बागाइतदाराची कार्डं येतात, सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरींबद्दल काही छापलं आहे का म्हणून. नाशिकहून, नागपूरहून विचारणा येते. वर्गणी कमी झाली नाही. उलट जरा वाढली, असं शेठनी स्वतःहून सांगितलं, जरा नाराजीनेच.

चौथा ठराव वाचनालय सर्वांना उघडं करण्याचा. तोही मंजूर झाला. पण पाटी उतरली नाही. शिपायाला सांगितलं तर तो म्हणतो, खजिनदारांचा शब्द पाहिजे. शेठना सांगितलं की डोळे पाणावतात.

"मॅडम, त्यावर वडिलांचं नाव आहे. वडिलांना मी भिंतीवरून खाली उतरवू?"

त्यांचं खोटं नाही. वडिलांनीच कपाटं दिली, तेव्हा कुणी दिली नसती. पण पाटी आहे तोवर नवा माणूस जिना चढतो, वाचतो, आणि परत जातो. गेल्या महिन्यात मी स्वतः दोन मुलींना जिन्यावरून परत बोलावलं. त्या अहिराणी म्हणींवर काही लिहीत होत्या.

मी मार्ग काढला आहे. पाटी दोन भागांची आहे, वरचं वाक्य आणि खालचं नाव, मध्ये चार बोटांची कोरी जागा. पिंप्राळ्याच्या सुताराला माप नेऊन दाखवलं. तो म्हणाला, सागवान आहे, सरळ कापलं जाईल, नाव जिथल्या तिथे राहील, वरच्या कडेला पॉलिश मारून देतो. शेठनाही हे पटलं आहे. फक्त करवत आपल्यासमोर लावावी असं त्यांचं म्हणणं आहे, आणि सुताराला धुळ्याला यायला रविवारच जमतो, आणि हल्ली रविवारी शेठ दुकान सोडत नाहीत. करवत लावायची राहिली आहे.